पोरींना सायकलवर अजिंठ्याला पाठवू का?

सिल्लोड तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताईंची मुलगी नववीत आहे, पंधरावं लागलंय. तिला आणि तिच्या वर्गातल्या तिघींना मानव विकास योजनेतून शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. शाळा चार किलोमीटरवर, रोजचं जाणं-येणं त्यावरच. दिवाळीच्या सुट्टीत या चौघींना सायकलनं अजिंठ्याला जायचंय. गावापासून अजिंठा गाव बारा किलोमीटर. तिथून घाट उतरून फर्दापूर, तिथं सायकली लावून बसनं लेणी, दिवसभर दरीत हिंडायचं आणि संध्याकाळी घाट चढून परत, असा त्यांचा बेत. आजोबा म्हणतात, जीप करू, सगळेच जाऊ. ताईंचा भाऊ म्हणतो, माझा मुलगा मोटारसायकलवर मागं राहील. तो सतरा वर्षांचा आहे. मुलगी म्हणते, मोटारसायकल मागं असेल तर आम्ही जातच नाही. वडील जळगावला जिनिंगमध्ये कामाला आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. फोनवर विचारलं तर 'तू बघ' म्हणाले. ताई लिहितात, "नाही म्हटलं तर लेकरू वर्षभर धुसफुसेल. हो म्हटलं आणि काही झालं तर जन्मभर मलाच ऐकावं लागेल. मी स्वतः अजिंठा एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत. बसमध्ये उलट्या झाल्या तेवढंच आठवतं. आमच्याकडं पोरी अशा कुठं जात नाहीत. काय करू?"

ताई,

आधी त्या सतरा वर्षांच्या भाच्याचा विषय मिटवू, तो सगळ्यात सोपा आहे. त्याला पाठवू नका. गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा पूर्ण लागतात, त्याआधी लायसन्स मिळत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा घडीभर बाजूला ठेवू. सायकलींच्या मागं दिवसभर पहिल्या गिअरमध्ये निमूट चालेल असा सतरा वर्षांचा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. तो पुढं जाईल, वळून येईल, मध्येच कट मारेल, आणि त्या पाच जणांत सगळ्यात मोठा धोका त्यालाच असेल. भावाला वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगा, पण सांगा.

आता त्याच धाग्यानं थोडं पुढं जाऊ. दोन वर्षं रोज सायकल चालवणाऱ्या चार मुलींना सांभाळायला बिनालायसन्सचा एक मुलगा पुरेल, असं आपल्याला किती पटकन वाटून जातं. तुम्ही लिहिता, आमच्याकडं पोरी अशा कुठं जात नाहीत. पण तुमची पोरगी रोज आठ किलोमीटर जाते की. पावसात जाते, दप्तर घेऊन जाते, कापसाच्या ट्रॉल्या आणि मक्याचे टेम्पो यांच्या कडेकडेनं जाते. त्या जाण्याची कुणाला काळजी वाटत नाही, कारण वाटेच्या शेवटी शाळा आहे. या वेळी शेवटी शाळा नाही, नुसती हौस आहे. मग घरातल्यांना नेमकं खटकतंय ते रस्त्याचं, की हौसेचं? एकदा स्वतःशी तपासून पाहा. रस्त्याचं असेल तर त्यावर उपाय आहेत, ते पुढं सांगतेच. हौसेचं असेल तर ब्रेक, हेल्मेट, जीप यातलं काहीही आजोबांचं समाधान करणार नाही, आणि मग बोलायचा विषयच वेगळा होतो.

एवढं वाचून मी 'जाऊ द्या बिनधास्त' म्हणणार असं समजू नका. मुलींनी आखलेला बेत आहे तसा मलाही मान्य नाही.

तुमच्या पत्रभर 'काही झालं तर' आहे. काय झालं तर, ते कुठंच नाही. माझा अंदाज असा की तुमच्या मनात माणसं आहेत: अनोळखी, टवाळ, घाटातल्या एकांतातली. ती भीती खोटी नाही आणि तिच्याकडं मी येणार आहे. पण या बेतातली सगळ्यात अवघड जागा दुसरीच आहे. ती म्हणजे घाट, आणि त्यातही संध्याकाळचा घाट.

डोंगरावरच्या देवाला जाताना कष्ट आधी असतात. आपण दमतो, वर पोचतो, दर्शन घेतो आणि येताना उतार असतो. मध्येच जमलं नाही तर माघारी फिरायची वाटही सोपी असते. दरीत सगळं उलटं. सकाळी ताज्या पायांनी, गार वाऱ्यात, पायडल न मारता आपण खाली जातो आणि वाटतं, किती सोपं आहे. त्याची वसुली दुपारी तीननंतर होते. तोवर दिवसभर चालून पाय जड झालेले असतात, पाणी संपत आलेलं असतं, ऊन पाठीवर असतं आणि चढ समोर उभा असतो. दरीत जो फसतो तो जाताना फसत नाही, येताना फसतो. मुलींनी कागदावर किलोमीटर मांडले असतील, आणि जातानाचे किलोमीटर व येतानाचे किलोमीटर सारखेच धरले असतील. ते सारखे नसतात. बिनगिअरच्या शाळेच्या सायकलवर अजिंठ्याचा घाट चढायचा म्हणजे बहुतेक सगळा सायकल हातात धरून चालायचा. वरून दिवाळीच्या सुमारास पावणेसहाला सूर्य बुडतो. चौघी हातात सायकली धरून, वळणावळणाच्या घाटात, अंधारात, आणि बाजूनं जळगावचे ट्रक. माणसांची भीती खरी होते ती अशा वेळी, कारण तेव्हा तुम्ही दमलेल्या असता आणि उशीर झालेला असतो.

आणि उतरताना? योजनेच्या सायकलींचे ब्रेक सपाट रस्त्याच्या शाळेसाठी ठीक असतात. लांब उतारावर ते सतत दाबून धरावे लागतात, रबर झिजतं, वायर सैल पडते, आणि पावसाची सर येऊन गेली असेल तर पोलादी रिमवर रबर नुसतं घसरतं. उतारावर सायकल ताब्याबाहेर गेली तर बाजूच्या ट्रकवाल्यालाही काही करता येत नाही.

तेव्हा घाट या वर्षी नको. हे तुमच्या मुलीला मी सांगितलंय असं सांगा, म्हणजे राग माझ्यावर निघेल.

पण घाट नको म्हणजे दरी नको, असं मुळीच नाही. इथं मला तुम्हा दोघींना एक गोष्ट दाखवायची आहे, जी जीपमध्ये बसणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमचं गाव आणि अजिंठ्याची दरी यांच्यामध्ये घाट येतो, तो फक्त फर्दापूरकडून आत शिरायचं ठरवलं तर. तुमचं गाव पठारावर आहे, अजिंठा गाव त्याच पठारावर आहे, आणि दरीचा वरचा काठसुद्धा त्याच पठाराचा शेवट आहे. अजिंठा गावाच्या पुढं, घाट सुरू होण्याआधीच मुख्य रस्ता सोडून लेणापूरच्या बाजूला गेलं की व्ह्यू पॉइंट लागतो. तिथं पठार एकदम संपतं. पायाखाली वाघूर नदीनं कापलेली घोड्याच्या नालासारखी दरी, आणि समोरच्या कड्याच्या पोटात ओळीनं सगळी लेणी. तो कडा सुमारे ७६ मीटर उंच आहे. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी पहिल्यांदा दिसली ती याच बाजूच्या काठावरून, असं सांगतात. आणि त्याला वाट दाखवली ती इथल्याच एका पोरानं. गावाला लेणी ठाऊकच होती, सापडली ती साहेबाला.

मुलीशी बोलताना हा मुद्दा नीट वापरा. तिच्या बेतात घाट सायकलवर होता आणि दरी मात्र बसमध्ये, कारण फर्दापूरच्या तिठ्यापासून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसनंच जायचं ठरलं होतं. म्हणजे भीतीचा भाग सायकलवर आणि बघायचा भाग खिडकीतून. लेणापूरच्या वाटेनं गेलं तर सायकल दरीच्या काठापर्यंत नेता येते, आणि दरी आधी सगळीच्या सगळी वरून दिसते. लेण्यांच्या आत उभं राहून दरीचा आकार कळत नाही.

नववीच्या मुलीला सांगण्यासारखं आणखी एक आहे. सिल्लोड तालुक्यात पडणारं बहुतेक पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. व्ह्यू पॉइंटच्या खालून वाहणारी वाघूर मात्र तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. एवढी सायकल चालवून त्या पोरी एका समुद्राच्या पाण्यावरून दुसऱ्या समुद्राच्या पाण्यावर जाणार आहेत. जीपमधून हे कळत नाही असं नाही, पण जीपमधून कोण बघतं?

जीपवरून आठवलं, आजोबांचं. त्यांना मोडीत काढू नका. 'सगळेच जाऊ' म्हणणारा माणूस अडवणारा नसतो. त्यांनाही जायचंय. मुलगी जीपला नाही म्हणते कारण जीपमध्ये थांबायचं कुठं, निघायचं केव्हा, हे पुढच्या सीटवरचा माणूस ठरवतो. आणि मोटारसायकलला नाही म्हणते कारण मागून कुणी येत राहिलं की ती राखण होते, सोबत होत नाही. माझ्या मते यात तिचं काही चुकत नाही. जीप आणि सायकल दोन्ही ठेवता येतात, फक्त जीपनं सायकलींच्या मागं मागं जायचं नाही.

हे असं करून पाहा. मुली उजाडता उजाडता, सहा-सव्वासहाला निघतील. थंडीतल्या सकाळी मोठ्या रस्त्यावर वाहनं त्या मानानं कमी असतात. जीप अर्ध्या तासानं निघेल, त्याच रस्त्यानं. म्हणजे मुली मुख्य रस्त्यावर असतानाच जीप त्यांना गाठून, हॉर्नसुद्धा न वाजवता पुढं जाईल आणि अजिंठा गावात थांबेल. वेशीपाशी भेटायचं, नाश्ता तिथं. पोरींना हौस असेल तर गावातली जुनी तटबंदी बघता येते. लेण्यांची चित्रं उतरवून घेणारा रॉबर्ट गिल याच गावात राहिला, आणि त्याची इथली सोबतीण पारो, तिची कबर अजूनही तिथं आहे. तिथून पुढं जीप तुम्हाला व्ह्यू पॉइंटवर सोडेल आणि आजोबांना, घरातल्या बाकीच्यांना घेऊन घाटानं फर्दापूरला जाईल. मुली सायकलनं लेणापूरच्या रस्त्यानं व्ह्यू पॉइंटवर पोचतील तेव्हा तुम्ही तिथं असाल.

हो, तुम्ही. जीपमध्ये, सायकलवर नाही. त्या हट्टाला मी तुम्हाला लावणार नाही. व्ह्यू पॉइंटवरून पायऱ्यांची आणि पायवाटेची उतरण नदीपर्यंत जाते आणि पुलावरून पलीकडं लेण्यांकडं जाता येतं. ती वाट तुम्ही चौघींबरोबर चाला. माणसांच्या भीतीचं उत्तर हेच आहे: मोठ्या रस्त्यावर चौघी एकत्र आणि उजेडात, आणि पायवाटेवर एक मोठं माणूस सोबत. सायकली कड्यावर बेवारस सोडू नका. लेणापुरात कुणाच्या तरी अंगणात सांगून, कुलूप लावून ठेवा. उतरायची वाट मोकळी आहे का, पावसानं दगड-माती आलीय का, हेही तिथंच विचारून घ्या. बंद असली तर वाद घालायचा नाही. काठावर बसून जेवायचं, पोटभर बघायचं आणि वरूनच परत फिरायचं. तरीसुद्धा दिवस वाया गेला असं कुणी म्हणणार नाही.

खाली उतरलात तर आजोबा लेण्यांपाशी भेटतील. सगळी लेणी बघायचा हट्ट धरू नका. लहान-मोठी, अर्धवट सोडलेली धरून तीस आहेत, आणि सगळी बघायला गेलं तर दुपार तिथंच होते. चित्रांसाठी पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं. सगळ्यात जुन्यांपैकी दहावं. आणि निजलेल्या बुद्धासाठी सव्विसावं. यातली तीन-चार निवांत पाहिली तरी पुष्कळ. आणि इथं पुन्हा दरीचा तोच उलटा हिशेब: पायवाटेनं वर चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. दोनच्या आत चढायला सुरुवात झाली पाहिजे. तोवर कुणाचे पाय बोलायला लागले असतील तर तिनं आजोबांबरोबर जीपमधून यायचं. तिची सायकल जीपच्या टपावर बांधून आणता येते, त्यासाठी एक दोरी आठवणीनं ठेवा. यात लाज नाही, हे निघायच्या आदल्या दिवशीच चौघींसमोर बोलून टाका. ऐन वेळी पंधरा वर्षांची पोरगी 'माझे पाय दुखतात' असं मैत्रिणींसमोर कबूल करत नाही.

आता यजमानांच्या 'तू बघ'चं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य ते आहे. ऐकायला ते विश्वासाचं वाटतं. प्रत्यक्षात हो म्हणायचं तुम्ही आणि वाईटपणा आला तर तोही तुम्हीच घ्यायचा, अशी ती वाटणी आहे. त्यांच्या मनात तसं नसेलही, बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला फोनवर दुसरं काही सुचत नाही. पण घरात त्या घाटाची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच आहे, कारण दर पंधरा दिवसांनी ते त्यातूनच ये-जा करतात. तेव्हा 'पाठवू का' हा प्रश्न त्यांना विचारूच नका, त्याचं उत्तर पुन्हा 'तू बघ' येईल. नेमकं विचारा. अजिंठ्याच्या अलीकडच्या रस्त्यावर सकाळी सातला ट्रक किती असतात? कुठं काम चालू आहे, कुठं खडी सांडलीय? आणि एक काम त्यांच्याकडंच द्या: दिवाळीला घरी आले की चारही सायकलींचे ब्रेक, टायर आणि चेन त्यांनी बघायची. ज्यानं ब्रेक तपासला तो त्या निर्णयात आला.

बाकीच्या तीन आयांचं काय? त्या तुमच्या पत्रात कुठंच नाहीत. चार घरांचा निर्णय तुम्ही एकटीनं डोक्यावर घेऊन बसला आहात. एका संध्याकाळी तिघींना घरी बोलावा, चौघी मुलींनाही बसवा, आणि बेत मुलींना मांडू द्या: कुठं थांबणार, किती वाजता कुठं असणार, पंक्चर झाली तर काय करणार. उत्तरं आली नाहीत तर तारीख पुढं ढकलायची. तुम्ही 'नाही' म्हटलं असं होणार नाही, आणि आली तर तुम्ही एकटीनं 'हो' म्हटलं असंही होणार नाही. 'मलाच ऐकावं लागेल' यावर माझ्याकडं याहून चांगला उपाय नाही. पूर्ण उपाय कुणाकडंच नसावा. तुमच्या माझ्या घरांत बाईला ऐकवणारे कारण शोधत नाहीत.

तयारीचं आता भराभर सांगते, हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल.

एवढं अंतर या मुलींनी एका दिवसात कधी चालवलेलं नाही. आठ किलोमीटर रोज आणि त्याच्या कितीतरी पट एका दिवसात, यात फरक आहे. तो पायांपेक्षा बुडाला आणि मनगटांना जास्त जाणवतो. आधीच्या दोन रविवारी अजिंठा गावापर्यंत जाऊन यायचं. जी दोन्ही वेळा हसत परत येईल तिची चिंता नको. सीट बहुतेक मुलींच्या सायकलीची फार खाली असते. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, इतकी वर घ्या. एवढ्या एका बदलानं गुडघ्याचं निम्मं दुखणं जातं.

ब्रेक तपासायचा तो सायकल ढकलत असताना. पुढचा दाबला तर मागचं चाक उचललं जावं, मागचा दाबला तर मागचं चाक फरफटावं. रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला, फार खर्च नाही. टायरमध्ये हवा टणक हवी. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात, तेव्हा एक जादा ट्यूब, पाना, हवा मारायचा छोटा पंप, आणि पंक्चर काढता येणारी निदान एक जण. गावोगावची सायकलची दुकानं बंद पडत चालली, पण मोटारसायकलचं पंक्चर काढणारा सायकलचंही काढून देतो. पोरींनी हे आधी घरी एकदा करून बघावं, चौघींनीही.

ओढणी नको, किंवा मागं घट्ट गाठ. सलवारीचा घोळ चेनमध्ये जातो, त्याला रबरबँड. सायकलचं हेल्मेट मिळालं तर उत्तम. वडिलांचं मोटारसायकलचं हेल्मेट देऊ नका, ते जड असतं आणि मान अवघडते. मोठ्या रस्त्यावर एकामागं एक, दोघींनी बाजूबाजूनं गप्पा मारत जायचं नाही. सगळ्यात सावकाश चालणारी सगळ्यांत पुढं, म्हणजे कुणी मागं पडत नाही. सगळ्यात पक्की सगळ्यांत शेवटी. थांबायचं तर रस्ता सोडून मातीत उतरायचं. उतार आणि वळण दोन्ही एकत्र आलं की खुशाल खाली उतरून चाला. मी स्वतः अशा जागी चालण्याच्या पक्षाची आहे आणि मला त्याबद्दल कुणी अजून हसलेलं नाही, निदान तोंडावर.

पाणी प्रत्येकी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासानं दोन घोट. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. दशम्या असतील तर अर्ध्या वाटेवर एकेक, पोटभर मात्र नाही. भरल्या पोटी चढ चढवत नाही. व्ह्यू पॉइंटला माकडं असतात, पिशवी हातातून घेतात. त्यांच्याशी झोंबायचं नाही, सोडून द्यायची. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं असतात, तेव्हा दगड भिरकावणं, धूर, आरडाओरडा काही नको. कड्याच्या टोकावर फोटोसाठी मागं मागं सरकणं तर अजिबात नको. घसरगुंडीची माती असते तिथं.

पाळीची तारीख बघून दिवस ठरवा, आणि तरीही पॅड बरोबर असू द्या. लघवीला लागेल म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, हे सगळ्या आयांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. अजिंठा गावात आणि लेण्यांपाशी सोय आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

एक फोन पूर्ण चार्ज केलेला, बंद करून दप्तरात. दरीत रेंज जाऊ शकते, म्हणून खाली उतरण्याआधी घरी फोन. ११२ आणि १०८ हे दोन आकडे चौघींना पाठ हवेत. आधार कार्डाची झेरॉक्स प्रत्येकीजवळ असू द्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, आणि खिडकीवर वय विचारलं की बिनकागदाची पंचाईत होते.

हे सगळं अजिंठ्यापुरतंच आहे असं समजू नका. बीडकडच्या कुणाला पाटोद्याच्या वाटेनं सौताड्याला सायकल न्यायची असेल, तर तिथंही विंचरणा नदी पठारावरून खाली कोसळते आणि रामेश्वराचं मंदिर दरीच्या तळाशी आहे. सायकल वर ठेवा, पायी उतरा, आणि ऐन पावसात धबधब्याच्या कुंडाजवळ जाऊ नका. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याचं तेच, लेणी दरीच्या पोटात आहेत आणि वर यायचे कष्ट शेवटी आहेत. पन्नाशीपुढचे वाचक पोरांनी भेट दिलेली गिअरची सायकल घेऊन असल्या जागी जातात, त्यांनाही माझं हेच सांगणं: गिअर आहेत म्हणून चढ कमी होत नाही. येतानाचं ऊन आणि येतानाचा चढ आधी मोजा, मग जातानाचा विचार करा. एकेरी जाऊन परतीला टेम्पोत सायकल टाकणं हा पराभव नव्हे, मी तर तोच बेत मुळात चांगला मानते.

मुलगी घाटावरच अडून बसली तर? पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून 'दहावी झाल्यावर' असं मोघम सांगू नका, तिला ते कधीच नाही असं ऐकू येईल. अट सांगा: गिअरची आणि नीट ब्रेकची सायकल कुणाची तरी उसनी मिळाली, बरोबर घाटात सायकल चालवलेलं एक मोठं माणूस असलं, आणि परत चढायला गाडी ठरवलेली असली, तर दहावीच्या परीक्षेनंतरच्या थंडीत घाट. एप्रिल-मेमध्ये नव्हे, त्या उन्हात मोठी माणसंही तिथं चक्कर येऊन बसतात.

दिवस कोणता? पावसाळा सरल्यावर दरीच्या टोकाच्या सातकुंडाची धार बारीक होत जाते, दिवाळीपर्यंत थोडी टिकली तर पोरींचं नशीब. ऐन दिवाळीत आणि सुट्टीच्या रविवारी गर्दी असते, जीपला फर्दापूरला जागा मिळायची नाही. भाऊबीज उरकू द्या, भावाला तेव्हाच भाच्याचं काय ते सांगून टाका, आणि त्यानंतरचा मंगळवार किंवा बुधवार धरा. सोमवारी लेणी बंद असतात.